चंदन आणि सहाण

दिवाळीतल्या पहिल्या आंघोळीच्या पहाटे आमच्या घरात उटण्याची पुडी फुटते. घोडेगावच्या बाजारातून आणलेली, दहा-वीस रुपयांची. पुडीवर नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद अशी नावे असतात आणि सगळ्यांच्या वर, ठळक अक्षरांत, चंदन. एवढ्या पैशांत खरे चंदन किती येणार हे मला ठाऊक आहे, विकणाऱ्यालाही ठाऊक आहे. पण त्या नावावाचून उटणे उटणे वाटत नाही, हेही तितकेच खरे. अंगाला तेल चोपडून बसलेली पोरे कुडकुडत असतात, बाहेर कड्यावरून वारा घोंघावत असतो, आणि न्हाणीघरात काही क्षण तो वास दरवळतो. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून मात्र तो वास आला की मला थोडे अवघडल्यासारखे होते. त्याचे कारण सांगण्यासाठी हा लेख.

आधी आमच्या गावाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. आहुपे म्हणजे आंबेगाव तालुक्याचे पश्चिमेकडचे टोक. घोड नदीच्या खोऱ्यातून, डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालीत घालीत रस्ता वर येतो आणि सह्याद्रीच्या कड्यापाशी येऊन संपतो. पुढे जायचे तर घाटवाटेने पायी कोकणात उतरायचे. कड्यावर उभे राहिले की खाली मुरबाडकडचा मुलूख दिसतो आणि समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके. वस्ती बहुतेक महादेव कोळ्यांची. पाऊस असा, की चार महिने माणसाच्या अंगावरचे कपडे पुरते वाळत नाहीत. चंदनाला हे हवामान मानवत नाही; त्याला उघडी, निचऱ्याची, बेताच्या पावसाची जमीन लागते. आमच्याकडे भरपूर आहे तो हिरडा. तरीही चंदनाचे एक खोड आमच्या देवळात आहे. कुणीतरी कधीकाळी आळंदीहून आणून देवाला वाहिलेले. मी लहान असताना ते वीतभर लांब होते. आज अंगठ्याएवढे उरले आहे.

आता ती गोष्ट. आमच्या भागातल्या एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाई गेल्या वर्षी उन्हाळ्यात निवृत्त झाल्या. अठ्ठावीस वर्षे त्यांनी तिथे भाकरी थापल्या. त्यांचे खरे नाव हजेरीपटात होते, पण मुलांना, मास्तरांना, साहेबांना त्या मावशीच. निरोपसमारंभ ठरला. मी कादंबऱ्या लिहितो, मास्तरकी करतो, म्हणजे भाषण माझ्याकडे येणार हे ठरलेलेच. शाल-श्रीफळ झाले आणि मी उभा राहिलो. दहा मिनिटे बोललो. शेवटी आवाज थोडा खाली आणून म्हणालो, “मावशी आपल्या मुलांसाठी चंदनासारख्या झिजल्या.” टाळ्या पडल्या. दोघा-चौघांनी डोळे पुसले. माझ्या मनात, खोटे कशाला सांगू, भाषण चांगले झाल्याचे समाधान होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरावरून जात होतो. मावशी ओट्यावर बसून वाळत घातलेला बाळहिरडा निवडीत होत्या. मला पाहून त्यांनी पोते पुढे सरकवले. बसलो.

“गुरुजी, काल तुमी माझं लई कवतिक केलं. पन एक इचारू का?”

“विचारा की, मावशी.”

“ते चंदन म्हनलात न्हवं? चंदन काय आपल्या मनानं झिजतं व्हय?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. हातातला हिरडा टोपलीत टाकून म्हणाल्या, “त्याला कुनीतरी हातात धरून घासतं, म्हनून झिजतं. मला कोन घासत व्हतं, ते काय तुमी सांगितलं न्हाय.”

रागाने नव्हे, टोमण्यानेही नव्हे. मुलाने गणितात पायरी गाळली तर ती दाखवावी, तसे. आणि मग त्यांनी मला चहा दिला.

मी मास्तर आहे, व्याकरण शिकवतो. अकर्मक क्रियापद कोणते, सकर्मक कोणते हे पोरांना वर्षानुवर्षे विचारीत आलो आहे. झिजणे अकर्मक आहे. चंदन झिजते, दगड झिजतो, वहाण झिजते. वाक्य तिथेच पुरे होते, पुढे प्रश्न उरत नाही. उगाळणे सकर्मक आहे. उगाळतो म्हटले की लगेच विचारावे लागते, कोण उगाळतो आणि काय उगाळतो? मावशींनी मला एवढेच विचारले होते. अठ्ठावीस वर्षांच्या हकिगतीतून मी कर्ता गाळला होता. तो मुद्दाम गाळला असे नाही. वाक्य सुंदर व्हावे म्हणून तो आपोआप गळाला. आपल्या भाषेत अशी सुंदर वाक्ये पुष्कळ आहेत, आणि ती बहुधा अशा जागी वापरली जातात जिथे कर्त्याचे नाव घेणे गैरसोयीचे असते.

त्या चहानंतर मी चंदनाच्या मागे लागलो. जे झाड आपण त्यागाचा नमुना म्हणून शेकडो वर्षे पोरांपुढे ठेवतो, ते प्रत्यक्षात वागते कसे, हे पाहावेसे वाटले. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पण पुस्तके मागवता येतात आणि वनखात्यातली जाणती माणसे विचारले तर सांगतात.

पहिला धक्का असा की चंदन हे अर्धे परोपजीवी झाड आहे. पान हिरवे असल्यामुळे अन्न ते स्वतः तयार करते. परंतु त्याच्या मुळांना बारीक चूषके फुटतात, ती शेजारच्या झाडाच्या मुळांना जाऊन डसतात आणि त्यांच्यातून पाणी व क्षार ओढून घेतात. रोपवाटिकेत चंदनाच्या रोपाशेजारी म्हणूनच तुरीसारखे एखादे झाडोरे लावतात. पुढे शेतात करंज, शिरीष, सुरू अशी मोठी झाडे सोबतीला द्यावी लागतात. शेजारी कुणी नसेल तर चंदन खुरटते. आपल्या संतांनी आणि सुभाषितकारांनी सांगितले की चंदनाच्या संगतीने इतर झाडेही चंदन होतात. मातीखाली पाहिले तर व्यवहार उलट्या दिशेने चाललेला असतो.

दुसरे असे, की जिवंत चंदनाला वास जवळजवळ नसतो. पान चुरगळून पाहा, फूल हुंगून पाहा, साल खरवडून पाहा, काही नाही. सुगंध असतो तो आतल्या गाभ्यात आणि मुळांत. हा गाभा म्हणजे झाडाचा मेलेला भाग. त्यातून पाणी वाहायचे थांबलेले असते. तो तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि भरायला तीस किंवा त्याहूनही जास्त. त्यात साठणारे तेल कीड आणि बुरशी यांना सहज मानवत नाही. म्हणजे झाडाच्या बाजूने विचार केला तर ते तेल देवाच्या कपाळासाठी नाही आणि आपल्या उटण्यासाठीही नाही. ते त्याने स्वतःचा गाभा राखण्यासाठी जमवलेले आहे.

हे वाचून चंदनाबद्दलचा माझा आदर कमी झाला असे कुणी समजू नये. उलट ते मला पहिल्यांदा खरे झाड वाटले. शेजाऱ्याकडून घेते, स्वतः कमावते, थोडे जपून ठेवते. माझ्या ओळखीची सगळी माणसे अशीच आहेत. मावशीही अशाच. त्यांनी पगारातून दोन शेळ्या घेतल्या, धाकट्या मुलाला डी. एड. केले, नातीच्या कानात सोन्याच्या बाळ्या घातल्या. माझ्या भाषणात यातले एकही आले नव्हते. चंदनाला शेळ्या शोभत नाहीत.

तेलाची हकिगत आणखी निराळी. उगाळताना चंदन कणाकणाने जाते, परंतु तेल काढायचे म्हणजे झाड समूळ उपटावे लागते, कारण मुळांतच तेल सर्वांत अधिक. मग साल आणि पांढरे लाकूड तासून टाकायचे, गाभ्याचे तुकडे करून भुकटी करायची आणि ती वाफेवर दोन-तीन दिवस ठेवायची. शंभर किलो चांगल्या गाभ्यातून चार ते सहा किलो तेल हाती येते. पहिल्या महायुद्धात म्हैसूर संस्थानचे चंदन युरोपात जाईनासे झाले, तेव्हा महाराज कृष्णराज वाडियार यांच्या कारकिर्दीत १९१६ साली म्हैसुरात तेलाचा कारखाना निघाला. आपल्या घरांतला चंदनाचा साबण त्याच उद्योगातून आला. उत्तरेकडे कनौजचे अत्तरवाले हेच तेल भपक्यात घालून त्यावर गुलाबाची, केवड्याची, एवढेच काय पण भिजल्या मातीची वाफ धरीत आले आहेत. दुसऱ्याचा वास धरून ठेवण्याचा या तेलाचा गुण मोठा. पहिल्या पावसाचा वास कुपीत बंद करून विकणारे लोक मला कादंबरीकारांचे थोरले भाऊ वाटतात. पण ते असो.

त्याच म्हैसूरची आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. टिपू सुलतानाने १७९२ साली चंदनाला राजवृक्ष ठरवले. झाड कुणाच्याही बांधावर उगवो, मालकी सरकारची. पुढे शतकानुशतके हीच रीत राहिली. शेतकऱ्याच्या पदरी झाड पडायचे नाही, पण ते चोरीला गेले तर जाब मात्र त्याला. परिणाम काय व्हायचा? पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून बांधावर चंदनाचे रोप उगवलेले दिसले की शेतकरी ते गुपचूप उपटून टाकी. कर्नाटकाने २००१ साली आणि तमिळनाडूने २००२ साली कायदा बदलून झाडाची मालकी जमीनधारकाला दिली, तोवर रानातले चंदन बरेच संपले होते. फार मोठा मान दिला की झाडालाही तो असा बाधतो. आज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात आपल्या चंदनाच्या मोठमोठ्या बागा उभ्या आहेत, आणि पुण्यात मात्र बंगल्याच्या आवारातले एखादे उरलेसुरले चंदन रात्रीतून कापून नेल्याची बातमी वर्षातून कितीदा तरी वाचायला मिळते. चोर आधी खोडाला भोक पाडून गाभा भरला आहे की नाही ते पाहतात म्हणे. न भरलेले झाड वाचते.

चंदनाचा औषधी गुण मी नाकारीत नाही. चरकाने दाह शमवणाऱ्या दहा द्रव्यांत चंदन घातले आहे. आमच्या आजीला ते पुस्तकावाचून ठाऊक होते. चैत्र-वैशाखात पोराच्या अंगावर घामोळे उठले, कुणाचे कपाळ तापाने भाजू लागले, की ती देवळातल्या खोडाचे चार वेढे उगाळून आणी आणि बोटाने कपाळभर लावी. तो गारवा मला अजून आठवतो. आधी ओला, मग वाळता वाळता कातडी हलकेच ओढणारा. शेंदऱ्या-तांबड्या लाकडाचे रक्तचंदन निराळे, ते दुसऱ्याच झाडाचे. त्याला सुगंध नाही, ते ती सुजेवर लावी. पाश्चात्त्य डॉक्टरही प्रतिजैविके येईपर्यंत मूत्रमार्गाच्या विकारांवर चंदनतेल पोटात देत. पुढे गॅटफॉसे नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९३७ साली सुगंधी तेलांच्या उपचारांवर पुस्तक लिहिले आणि त्या शास्त्राला अरोमाथेरपी हे नाव दिले. हल्ली शहरांत दिव्यावर तेलाचे थेंब टाकून मन शांत करतात. होत असेल. चांगल्या वासाने जिवाला बरे वाटते, हे सांगायला फ्रेंच माणूस कशाला पाहिजे?

मला रुतले ते दुसरेच. या सगळ्या उपचारांत गारवा एकाच्या कपाळाला मिळतो आणि उगाळणारा दुसराच असतो. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत विठ्ठलाला चंदनाची उटी लावतात. उन्हाळ्यात देवाच्याही अंगाची लाही होते ही कल्पनाच किती मायेची! पण भर उन्हाळ्यात सहाणेपुढे तासन् तास बसून उटीपुरते चंदन उगाळायचे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच माहीत. मनगट भरून येते, बोटांच्या पेरांची सालटी जातात. आजीच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला सहाणेचा घट्टा होता. चंदन झिजते हे सर्वांना दिसते, कारण ते आखूड होत जाते. सहाणही झिजते, तिच्या मध्यावर खळगा पडतो, तो कुणी पाहत नाही. आणि हाताचे तर नावच नाही.

एका गोष्टीत मात्र त्या हाताला नाव आहे. पैठणला एकनाथमहाराजांच्या घरी एक पोरगा कामाला राहिला. गोदावरीचे पाणी कावडीने आणून रांजण भरी आणि पूजेसाठी चंदन उगाळी. श्रीखंड म्हणजे चंदन. म्हणून त्याचे नाव श्रीखंड्या. (दसऱ्याला आपण खातो ते श्रीखंड मनात आले असेल तर दोष सणाचा.) बारा वर्षांनी द्वारकेहून कुणी ब्राह्मण शोध घेत आला आणि उलगडा झाला, की हा श्रीखंड्या म्हणजे साक्षात श्रीकृष्ण. तोवर श्रीखंड्या निघून गेला होता. नाथषष्ठीला पैठणात तो रांजण अजून भरतात. ही गोष्ट नाथांची थोरवी सांगण्यासाठी सांगितली जाते, आणि ती थोरवी आहेच. पण मावशींच्या प्रश्नानंतर मी ती पुन्हा आठवली तेव्हा दोन गोष्टी नव्याने दिसल्या. एक अशी, की देवाला नाथांच्या घरी येऊन राहावेसे वाटले तेव्हा त्याने चंदन होणे पसंत केले नाही, तो उगाळणारा झाला. आणि दुसरी जरा बोचणारी. ज्या घरात जातपात न पाहता पान वाढले जात होते, अशा घरातसुद्धा रोज चंदन उगाळणाऱ्या पोराची खरी ओळख पटायला बारा वर्षे आणि बाहेरचा माणूस लागला. मग आमच्यासारख्यांच्या वसतिगृहांची काय कथा?

इथे आमच्या हिरड्याची आठवण केल्यावाचून मला राहवत नाही. ज्या सहाणेवर देवाचे चंदन उगाळले जाते तशाच सहाणेवर तान्ह्या बाळाची गुटी उगाळतात. वेखंड, मुरुडशेंग, मायफळ, जायफळ, सुंठ, हळकुंड आणि हिरडा. शहरातल्या सुशिक्षित आईसुद्धा एकेकाचे वेढे मोजून देतात. त्या सहाणेवरचा हिरडा बहुधा आमच्यासारख्या कुठल्यातरी रानातला असतो. आमच्या बाया तो झाडावरून उतरवतात, वेचतात, उन्हात घालतात, वळवाचा पाऊस आला की धावत जाऊन गोळा करतात, आणि भाव ठरवायला दुसरेच लोक येतात. हिरडाही सहाणेवर झिजतो. महाराष्ट्रातली किती पोरे त्याच्यावर वाढली असतील! परंतु अमका माणूस हिरड्यासारखा झिजला असे कुणी म्हटलेले मी ऐकले नाही. हिरडा तुरट आहे. त्याला वास नाही. त्यागाला सुद्धा आपण सुगंधाची अट घातली आहे की काय, असा मला संशय येतो.

संस्कृतात एक जुने सुभाषित आहे. फार सलगीने किंमत कमी होते हे सांगताना त्यात मलयपर्वतावरच्या भिल्लिणीचे उदाहरण दिले आहे, की ती चंदनाचीच लाकडे चुलीत घालते. वर्गात हे शिकताना आम्ही सगळे त्या भिल्लिणीला हसलो होतो. आणि आम्ही सगळे रानातलीच पोरे! आज वाटते, तिला विचारायला हवे होते. तिच्या घरात पोरे भुकेली असतील, पाऊस लागला असेल आणि हाताशी तेच लाकूड असेल. चंदनाची किंमत तिला कळत नव्हती की किंमत घेणारे तिच्या दारापर्यंत कधी आलेच नव्हते? आमच्या देवराईत जुनी माणसे वाळकी काटकीही चुलीला नेऊ देत नसत. रान कशासाठी जपायचे आणि कशासाठी जाळायचे, हे त्या माणसांना सुभाषितकाराइतकेच कळत होते.

आता माझ्या घरातले सांगतो. ते टाळून पुढे जाणे बरे दिसणार नाही. माझी आई सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हा मी तिच्यावर एक लेख लिहिला होता आणि त्यातही, वाचकांच्या लक्षात आलेच असेल, ती चंदनासारखी झिजली असे वाक्य होते. दहाव्याला घरात बसलो असताना अक्का, माझी थोरली बहीण, म्हणाली, “काय लिहिलंस आईवर, वाच की जरा.” मी वाचून दाखवले. तिने पदराने डोळे टिपले, “चांगलं लिहिलंस,” म्हणाली. त्या वेळी मला कशाचीच शंका आली नाही. मावशींच्या ओट्यावरून उठलो तेव्हा आली. अक्काला मी वाचून का दाखवले? तिला वाचता येत नाही म्हणून. तिसरीत असताना तिला शाळेतून काढले. मला घोडेगावला शिकायला ठेवायचे होते; आई हिरड्याला, लावणीला, रोजावर जाणार, तर घरी धाकट्याला कोण सांभाळणार आणि पाणी कोण आणणार? तसे कुणी तिला बसवून सांगितलेही नाही. एके दिवशी तिचे दप्तर माझ्याकडे आले, एवढेच. मी तेच दप्तर घेऊन शिकलो. म्हणजे मावशींच्या प्रश्नाचे माझ्या घरातले उत्तर असे होते, की खोड धरलेल्या हातांत एक हात माझा होता. पोराचा होता, अजाण होता; पण होता. आणि पुढे अजाण राहिला नाही तेव्हाही मी तो मोकळा केला नाही, कारण तोवर आईला आणि अक्काला चंदन म्हणायला शिकलो होतो.

मग मनात येते, कुणी स्वखुशीने झिजतच नाही का? तसे म्हटले तर मोठा अन्याय होईल. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात मुलांना जेवू घालायला पैसे नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. तिथेही स्वयंपाकच होता, पोरेच होती, भाकरीच होती. परंतु तिथे ‘दिले’ हे क्रियापद शोभते, कारण काढून देणारा हात त्यांचा स्वतःचा होता. त्या काळच्या बाईला नाही म्हणण्याची मोकळीक कितपत होती हा प्रश्न माझ्या मनात उठतो, आणि मी तो दडपून टाकीत नाही. तरीही दागिना हातात घेऊन पुढे करणे आणि न विचारता दप्तर नाहीसे होणे यांतला फरक मला दिसतो. अक्काला कुणी विचारले असते तर ती कदाचित हो म्हणाली असती. माझ्यावर तिचा जीव होता. पण विचारले नाही, म्हणून तिचे ते देणे झालेच नाही. ते तिच्याकडून नुसते गेले. मावशींनी वसतिगृहात दुसरी बाई मदतीला मागितली होती, एकदा नव्हे, वर्षानुवर्षे. वर लिहिले आहे, असे उत्तर मिळे. त्या अर्जांतले दोन तर मीच लिहून दिले होते. आणि निरोपाच्या दिवशी त्याच हाताने मी त्यांना चंदन ठरवले!

भाऊबिजेला अक्का आली होती. ओवाळून झाल्यावर मी तिला दप्तराची आठवण दिली. मला वाटले होते ती रडेल, निदान काही बोलेल. ती म्हणाली, “निळं होतं. त्याचा बंद तुटका होता, तू आईकडून शिवून घेतलास.” आणि ताटातला दिवा विझू नये म्हणून हाताचा आडोसा करीत आत गेली. त्या हिवाळ्यात मी तिला बाराखडी शिकवायला लागलो. आता ती ष्टीच्या पाट्या वाचते. मंचर हा शब्द तिला लवकर आला, घोडेगावाला वेळ लागला. यात माझे पुण्य काही नाही, चाळीस वर्षांची थकबाकी आहे.

मावशींचे मानपत्र मी पुन्हा लिहायला घेतले ते या दिवाळीच्या आधी. पहिले तसबीर करून त्यांच्या भिंतीवर लावलेले आहे. त्यात चंदन आहे, वात्सल्यसिंधू आहे, अन्नपूर्णा तर दोनदा आहे. नवे अगदी साधे लिहिले. अठ्ठावीस वर्षे. साठ-पासष्ट मुले. रोज दोन वेळच्या भाकरी, कालवण, भात. दोघींचे काम एकटीने. मदतनीस मागितली, मिळाली नाही. पावसाळ्यात ओली लाकडे, त्यामुळे डोळ्यांचा विकार. मुलगा शिकवला, शेळ्या घेतल्या, नातीला बाळ्या केल्या. परवा संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवले. मावशी मान खाली घालून ऐकत होत्या. “पहाटे चारला उठून चूल पेटवायच्या,” इथवर आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

“चारला न्हाय, गुरुजी. साडेतीनला. चारला पयल्या भाकरी तव्यावर पडायच्या.”

मी खिशातून पेन काढले आणि खोडून साडेतीन केले.